कनातीमागचं गाणं

भिमाजीला तिकीट विकायला तंबूवाला एका पायावर तयार होता. अडचण फक्त एवढीच, की त्याला बसवायचं कुठं? तिकिटाला विटाळ नसतो, तो बसायच्या जागेला असतो.

आणि तो सिनेमाचा तंबू भरायचा कुणाच्या जिवावर? भिमाजीच्या हलगीच्या. शेवगावच्या बाजारतळावर तंबू पडला की मालक मांगवाड्यात सांगावा धाडायचा. मग भिमाजीनं दिवसभर जाहिरातीच्या बैलगाडीपुढं हलगी बडवत उन्हातनं हिंडायचं. गाडीवर रंगवलेली बाई आणि गाडीखाली धुरळा. लढाईचे दिवस होते, माणसाला दिव्यापुरतं रॉकेल मिळत नव्हतं, पण तंबूचं इंजिन रोज भकभकत होतं. दिवेलागणीला सगळं गाव आत, आणि ज्यानं गाव गोळा केलं तो बाहेर.

मशीनवाला सत्तार तेवढा माणसात होता. तो म्हणाला, "भिमाभाई, आत नको, मालक बोंबलंल. मागं बस. कनातीला पाठ लाव. ऐकायला कोन मनाई करतंय?"

भिमाजी बसला. कापडापलीकडं माणसं हसत होती, शिट्ट्या मारत होती. अलीकडं दोन गाढवं आणि हा. आणि मग ते गाणं आलं.

चाल अशी, की वर चढायची आणि खाली उतरायचं नावच घ्यायची नाही. आता उतरेल, मग उतरेल म्हणावं, तर अजून एक पायरी वर. भिमाजी बापजाद्यांपासून सनईवाला. लग्नातल्या सगळ्या चाली त्याच्या बोटांना पाठ, पण असलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशीही. लांबच्या गावाहून आपली गाडी येते, ओढ्याच्या चढावर बैलांची शिंगं दिसतात, मग जू दिसतं, मग आपली माणसं. ही चाल त्या गाडीची, असं त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं.

"सत्तार, त्या गान्याच्या वक्ताला पडद्यावर काय चाललेलं असतंय रं?"

"मला काय म्हाईत? मी तवा म्होरलं रीळ चढवीत असतो."

बाहेर पडणाऱ्यांना विचारावं, तर एक म्हणे, "बाई लई देखनी हाय." दुसरा म्हणे, "बाई लई गोरी हाय." गाण्याचं विचारलं की, "हां, गानं हाय की. बरं हाय." सगळ्या गावानं दोन डोळे वटारून सिनेमा बघितला होता, कान घरी ठेवून.

तंबू उठला, गाणं मात्र भिमाजीच्या बोटांत अडकून राहिलं. केरसुणी बांधताना बोटं उघडझाप करायची. दोर वळताना बायको म्हणाली, "दोर वळताय का त्याला गुदगुल्या करताय?" जेवणात लक्ष नाही, झोपेचा पत्ता नाही. शेवटी सनई घेऊन तो ओढ्याच्या पलीकडं गेला आणि चाल जमेपर्यंत फुंकत राहिला.

वारा गावाकडं होता. पाटलाची लेक झुंबर परसात धुणं वाळत घालत होती. हातातलं लुगडं हातातच राहिलं.

चार दिवसांनी भिमाजी पाटलाच्या मागल्या दाराला केरसुण्या द्यायला गेला, तर झुंबरच बाहेर आली.

"भिमादा, ते वड्याला काय वाजवीत हुतास?"

"ते व्हय आक्का? तंबूतलं हाय. म्या भाईरनं ऐकलं."

"तोंडानं म्हन की."

इकडंतिकडं बघून त्यानं हलक्या आवाजात चाल म्हटली. तिनं दाराच्या चौकटीला टेकून ऐकली. शब्द त्याला कळले नव्हते, तिला त्यांची गरज नव्हती. तिनं लगेच जात्यावरच्या आपल्या ओळी त्या चालीवर बसवून बघितल्या. एक ओळ लांब पडली. दोघंही हसली.

मग पाटलाच्या घरात केरसुण्या फार झिजायला लागल्या. आठ दिवस गेले की नवी हवी. आई म्हणाली, "ही पोरगी केरसुण्या खातीय का काय!"

झुंबरचं लग्न ठरलं. मुलगा काष्टीचा, घर तालेवार. मागल्या दारात ती म्हणाली, "मला वाटं लावताना समदी गळा काढत्याल. त्वा तेवडं आपलं गानं वाजीव."

"पाटील काय म्हनतील, आक्का?"

"आबांला गान्यातलं काय कळतंय? वाजीव तू."

लग्न लागलं. पंगती उठल्या. मांडवाबाहेर, उष्ट्या पत्रावळींच्या बाजूला, भिमाजीची जागा होती. झुंबर गाडीत बसली, आईनं पदर तोंडाला लावला, आणि भिमाजीनं सनई तोंडाला लावली. चाल चढली. एक पायरी, दुसरी. झुंबरनं मान वर केली. गाडी दिसत होती, बैल दिसत होते. फक्त ही गाडी येणारी नव्हती, जाणारी होती. तरी शोभत होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा चुलता, श्रीमंत नाव त्याचं, पान थुंकून ओरडला, "आरं बंद कर! हे सरनावरचं गानं हाय!"

सनई थांबली.

"त्या सिनेमात बाई मरती," श्रीमंत वऱ्हाडाला सांगू लागला, "तिचं सरन जळतंय आन तिचा नवरा हे गानं म्हनतोय. आन ह्यो आमच्या सुनंला ह्येच्यावर वाटं लावतोय!"

लगेच मांडवातल्या निम्म्या माणसांना आठवलं. "व्हय व्हय, सरनावरचंच. आमालाबी वाटलंच." इतके दिवस एकालाही आठवलं नव्हतं.

श्रीमंतनं पुढं होऊन हात मारला. सनईचा काठ भिमाजीच्या ओठात घुसला आणि सनई पत्रावळींत जाऊन पडली.

झुंबरचा बाप काकासाहेब पाटील लाजेनं काळाठिक्कर पडला होता. "भिम्या, कुनी सांगितलं तुला हे वाजवायला?"

भिमाजीनं ओठ पुसला. गाडीकडं बघायचं नाही, हे त्याला कळत होतं. एक नाव घेतलं की तो सुटत होता. पण तेच नाव गाडीत बसून परक्या घरी निघालं होतं. आपल्याच सरणाचं गाणं मागून घेणारी अवदसा म्हणून ते जन्मभर तिथं ठेचलं गेलं असतं.

"कुनी न्हाई, पाटील. माजंच चुकलं."

"म्या सांगितलं."

गाडीतनं आवाज आला. नवरीनं पाठवणीला रडायचं असतं, बोलायचं नसतं. सासू चमकून वळली. "तुला कसं म्हाईत सिनेमातलं? तू तंबूत गेलतीस?"

"न्हाई, आत्याबाई. म्या न्हाई गेले, ह्योबी न्हाई गेला. त्याला कुनी आत घेतलं न्हाई, मला कुनी जाऊ दिलं न्हाई." झुंबर थांबली नाही. "सरन तुमी बघितलं. आमी निस्तं गानं ऐकलं. तुमाला इसरायचं आसंल तर इसरा."

काकासाहेबाला एवढंच सुचलं, "हाना रं बैल!" गाडी हलली. श्रीमंत सासूच्या कानाशी लागला होता, आणि सासूची नजर नव्या सुनेच्या मानेवर होती. पुढं काष्टीत झुंबरचं काय होणार, ते त्या नजरेत स्पष्ट दिसत होतं.

भिमाजीनं पत्रावळींतनं सनई उचलली, शितं झटकली. फुंकायची पत्ती चिरली होती. कमरेच्या चंचीत दुसरी होती, ती त्यानं जिभेवर ओली केली. रक्ताची चव आली. मांडवातली माणसं बघत होती, पण तो मांडवात थांबला नाही. गाडीच्या मागं, धुरळ्यातनं, तो ओढ्याच्या चढापर्यंत गेला.

आता वाजवलं की सरण दिसेल, अशी त्याला धास्ती होती. एकदा ऐकलेलं परत पुसता येत नाही. पहिला सूर फाटला. दुसरा ओठातनं सांडला. त्यानं थुंकून पुन्हा सुरुवात केली.

चढावर बैलांची शिंगं दिसत होती. गाडीतनं एक हात बाहेर आला आणि कठड्यावर ठेका धरून राहिला. कुणीतरी आतनं तो ओढून घेतला. भिमाजी वाजवत राहिला. चाल वर चढली, अजून चढली, आणि त्यानं ती खाली उतरू दिली नाही.