आदिमातेचे केस

"पोटावरचे तेवढे काढून टाका," प्रवचनकार म्हणाले. बोलताना ते मूर्तीकडे नव्हे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, कारण मूर्ती उघडी होती.

"एकही काढायचा नाही," प्राध्यापक म्हणाले. "उलट खांद्यांवर अजून हवेत."

हातातली सुई तशीच धरून केसवाली उभी राहिली. संग्रहालयात तिला सगळे केसवालीच म्हणत. नाटकातले टोप आणि आजारपणात केस गेलेल्यांचे विग करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता या आदिमातेच्या सिलिकॉनच्या कातडीत एकेक केस रोवायचं काम तिच्याकडे आलं होतं. खाणीत सापडला होता लाखो वर्षांपूर्वीचा एक मोडका जबडा आणि मांडीचं अर्धं हाड. तेवढ्यावरून प्राध्यापकांनी अख्खी बाई उभी केली, तिचं वय ठरवलं आणि स्वभावसुद्धा ठरवला. "शांत होती," असं ते वर्तमानपत्रांना सांगत. स्वतःच्या बायकोचा स्वभाव मात्र त्यांना घटस्फोटाची नोटीस आली तेव्हा कळला, असं पहारेकरी म्हणे.

प्रवचनकारांचं म्हणणं, माणूस पहिल्या दिवसापासून असाच घडवला गेला, म्हणजे साधारण त्यांच्यासारखा, आणि ही केसाळ बाई म्हणजे समस्त मातांचा अपमान. त्यांच्या मागे बरीच गर्दी होती, म्हणून संचालकांनी त्यांना समितीत घेऊन टाकलं. तेव्हापासून दर बैठकीत केस कमीजास्त होत. एकदा पाठ दाट झाली, पुढच्या वेळी मांड्या विरळ. केसवाली रोवायची, उपटायची, परत रोवायची. सापडलेल्या हाडांचं नाव आता कोणी काढतच नव्हतं. दोन थोर माणसं एका बाईच्या अंगावर किती केस असावेत यावर भांडतात, याची तिला किळस येई.

पण तिचं खरं घोडं अडलं होतं ते दादाच्या दारात. तिचा हा थोरला भाऊ प्रवचनकारांच्या सभांची व्यवस्था बघायचा, खुर्च्यांपासून माइकपर्यंत. आई त्याच्याकडे असे. ती थकली होती, बरंचसं विसरली होती. दर सुट्टीला जाऊन केसवाली तिला न्हाऊ घाली, वेणी घाली. मूर्तीबद्दल सांगितलं तेव्हा जन्मभर देवावर भरवसा ठेवून जगलेली आई एवढंच म्हणाली होती, "मुलंबाळं होती का गं तिला?"

दादाला मात्र ते कळलं आणि त्याने बहिणीला उंबऱ्यातच अडवलं.

"त्या माकडिणीचं काम सोड, मग ये आईकडे."

"आईने सांगितलंय असं?"

"आईला काय कळतंय आता? मी सांगतोय."

"तिची वेणी कोण घालणार?"

"आमच्या घरात बाईमाणूस नाही का? मातेचा मान कसा ठेवायचा, ते तू नको शिकवूस मला."

'माता' हा शब्द तो आता अगदी प्रवचनकारांच्या सुरात उच्चारू लागला होता. तरुणपणी हाच आईला "ए म्हातारे" म्हणून हाक मारायचा.

तिने काम सोडलं नाही. हातात घेतलेलं डोकं अर्धवट टाकणं तिला जमलं नसतं, आणि दादापुढे नाक घासणं तर त्याहून नाही. फोन केला की वहिनी "झोपल्यात" म्हणून ठेवून द्यायची. मधल्या दिवसांत आई आपल्याला विसरून गेली तर, या धास्तीने केसवालीचा डोळ्याला डोळा लागत नसे.

उद्घाटनाच्या तोंडावर संचालकांनी तोडगा काढला. मूर्ती भिंतीकडे तोंड करून उभी करायची. लोकांना फक्त पाठ दिसेल, आणि पाठ काय, कोणाचीही असू शकते. प्रवचनकारांना हे पटलं. विज्ञान तडजोड करत नसतं म्हणून गरजणारे प्राध्यापक, पाटीवर आपलं नाव मोठ्या अक्षरांत येणार म्हटल्यावर शेपूट घालून गप्प बसले. केसवालीने जीव ओतून रोवलेल्या भुवया, पापण्या, ओठांवरची लव, सगळं आता भिंतीला दिसणार होतं.

"बाई, काम फार सुरेख झालंय हं तुमचं," संचालक म्हणाले.

"भिंतीला सांगा," ती म्हणाली आणि सुया आवरू लागली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याला आकाश ठेंगणं झालं होतं.

"ऐकलंस ना? तोंड फिरवायला लावलं आम्ही तिला. झालं गेलं सोडून दे आता. ये उद्या आईकडे."

त्याला चार शब्द सुनावावेत असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आई त्याच्या घरात होती.

"येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आई मागच्या खोलीत, पलंगावर बसलेली दिसली. तिच्या डोक्यावर केस नव्हते. कोणीतरी घाईघाईने मशीन फिरवलं होतं. कानामागे एक पट्टा राहून गेला होता आणि बाकी सगळीकडे पांढरे खुंट उभे होते.

"हे काय आहे?"

"रोज कोण विंचरत बसणार हो?" वहिनी म्हणाली. "नुसता गुंता व्हायचा. यांनीच उरकून टाकलं एकदाचं."

"केस कुठेत?"

"कचऱ्यात दिले की तेव्हाच."

"बरं पडतं तिला," दारातून दादा म्हणाला. "आणि तिला कुठे काय कळतंय?"

केसवालीने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. प्राध्यापक, प्रवचनकार आणि संचालक, तिघांचा मिळूनही तिला कधी आला नव्हता एवढा तिटकारा या एका माणसाचा आला. बोलावं अशा लायकीचं समोर कोणी नव्हतं. तिने खोलीचं दार लावून घेतलं.

"आई."

आईने बघितलं, आणि ओळखलं.

"आलीस? किती उशीर गं," आई म्हणाली आणि सवयीने तिच्याकडे पाठ करून बसली. "वेणी घाल. घट्ट घाल, ही फार सैल घालते."

केसवाली तिच्या मागे बसली. त्या खुंटांतून तिने बोटाने भांग पाडला. मानेपाशी हवेतच तीन पेड केले आणि एकावर एक घेत, पूर्वी वेणी जिथवर यायची तिथवर, कमरेपर्यंत खाली आली. घट्ट बसावी म्हणून मध्येच तिने हात जरासा ओढला, तशी आईने मान ताठ केली.