‘स्किंप ऑन’च्या पुढे

“सर, तुम्ही कंजूष आहात का?”

प्रश्न वर्गातल्या काजलचा, तोंड माझं. देशकर सर वही तपासताना कधीच ‘गुड’ लिहीत नाहीत, नुसती बारीकशी टिक मारतात. म्हणून मधल्या सुट्टीत पैज लागली की इंग्रजीच्या तासाला उभं राहून हे विचारायचं. जूनमध्ये मी दहावीसाठी पारशिवनीहून नागपूरच्या या शाळेत आले, तेव्हा हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानाही माझा आवाज फुटत नव्हता. आता असल्या कामासाठी अख्खी दहावी ब माझ्याकडे बघते. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

सर रागावले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं. स्किंप.

“तर्री-पोहे खाता ना?”

झोपलेला वर्ग जागा झाला.

“पोहेवाल्याने बाजार उठताना स्वस्तात कांदे घेतले, तर ती काटकसर. स्वतःचा चहा रोज शेजारच्याकडून उकळला, तर तो कंजूष. पण पोह्यांवर तर्रीच अर्धा चमचा घातली, तर इंग्रजीत ‘ही स्किंप्ड ऑन तर्री’. जे द्यायलाच हवं, नेमका त्यातच हात आखडला. पोहे कोरडे राहिले. आता दीपमाला, वाक्य तूच कर.”

“माय पेरेंट्स स्किंप ऑन मी.”

कसं आलं तोंडातून, माहीत नाही. वर्ग हसला.

“काय वं, जेवायले देत नाहीत का तुले?” मागून काजल.

“ऑन व्हॉट?” सर म्हणाले. “कशात कमी करतात? कपड्यात? खाण्यात?”

कपड्यात नाही, खाण्यातही नाही. शब्द सापडेना. मी खाली बसले. पैज जिंकले होते, तरी दिवसभर काही गोड लागलं नाही.

मी शहराच्या कडेला, वाडीला, कुसुमताईंच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. खाली ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आहे. मी शाळा आणि क्लास करून येते, तेव्हा ट्रक मागे घेताना क्लीनर ‘आने दे, आने दे’ ओरडतो आणि वर मीही त्याच्यासोबत म्हणते. खोलीत तेवढंच बोलणं. आठला पप्पांचा फोन येतो. जयभीम, जेवली का, अभ्यास झाला का, ठेवतो. वर्गात बडबड करणारी ती मुलगी कुठे जाते कोण जाणे.

दरवर्षी दसऱ्याला आम्ही तिघं दीक्षाभूमीवर येतो. पप्पा पुस्तकांच्या स्टॉलवर हरवतात, मम्मी आणि मी त्यांना शोधतो. यंदा दुसऱ्या दिवशी माझी गणिताची चाचणी होती. पप्पा म्हणाले, “यंदा राहू दे बेटा, आम्ही पण नाही येऊन राहिलो.” मी खोलीत बसून गणितं सोडवली.

आणि काल माझ्या मावसभावाने, प्रशिकने, स्टेटसला यंदाच्या दसऱ्याचे फोटो टाकले. स्तूपासमोर पांढऱ्या कपड्यांत मम्मी-पप्पा. माझ्यापासून अर्ध्या तासावर उभे होते, आणि मला न भेटताच परत गेले.

सरांना काहीही विचारू शकणाऱ्या मला हे मात्र काल विचारता आलं नाही. आज आठला फोन आला.

“जयभीम बेटा. जेवली?”

“हो.”

“अभ्यास?”

“चालू आहे.”

“बरं, ठेवतो मग.”

“थांबा ना पप्पा. तुम्ही दसऱ्याले नागपूरले आले होते न?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“प्रशिकनं सांगितलं वाटते,” मम्मी मागून हळूच म्हणाली.

“मग वाडीले काहून नाही आले?”

“तुझं गणित होतं न,” पप्पा म्हणाले. “आम्ही आलो असतो तर तुझा अख्खा दिवस गेला असता.”

“मी म्हटलं होतं यायले,” मम्मी म्हणाली. “वर नको जाऊ, रस्त्यावरूनच खिडकीतला लाइट पाहून येऊ. तर हे म्हणे, तू पाहिलं की वर जाशीलच.”

“फोन पण म्हणूनच एवढुसा करता?”

“तुझा टाइम वाचते न बेटा. नाहीतर तुझी मम्मी सकाळपासून जमा करून ठेवते, काय काय सांगायचं ते. मी म्हणतो, राहू दे.”

पप्पा हे इतक्या समाधानाने म्हणाले, की मला रडूच आलं. ‘ऑन’च्या पुढे तेच दोघं होते तर. माझ्या वाट्याला स्वतःलाच कमी कमी देत होते आणि समजत होते की माझ्यासाठी वेळ साठवतोय.

“पप्पा, त्या वाचलेल्या टाइमात मी अभ्यास नाही करत. भिंतीकडे पाहत बसते. मले करमत नाही इथं.”

जूनपासून हे मी एकदाही म्हटलं नव्हतं.

“दिवाळीच्या सुट्टीतला क्रॅश कोर्स झाला की येजो मग दोन दिवस,” पप्पा म्हणाले.

“नाही. क्लासवाल्यांले मी उद्याच सांगून राहिली, की मी येणार नाही. शाळेले सुट्टी लागली की त्याच दिवशी पारशिवनीची बस धरते. पूर्ण सुट्टी घरी. पुस्तकं घेऊन येईन आणि तुमच्या दोघांच्या मधात बसून अभ्यास करीन. विचारून नाही राहिली पप्पा, सांगून राहिली.”