सीटवरून उतरायचं नाही

टेकडीवरून न पडता उतरले, तर किसनरावांना स्वतःच्या सायकलची किल्ली परत मिळणार होती. शिवाय चौसष्टाव्या वर्षी बायकोला खोटं पाडल्याचं समाधान. तोट्याची बाजू त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती.

गेल्या महिन्यात दारव्ह्याच्या चौकात थांबताना पाय भुईला पुरले नाहीत आणि ते सायकलसकट आडवे झाले. वच्छलाबाईंनी सायकलला कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली. "सुरभीच्या सायकलवर टेकडी उतरून दाखवा. धड आले त किल्ली घ्या."

नात सुरभी पंधरा वर्षांची. गिअरची सायकल घेऊन रोज टेकडीवर जाते. वर पोचल्यावर तिनं आपलं हेल्मेट आबाजींच्या डोक्यावर बसवलं, पट्टा आवळला आणि सीट खाली करू लागली.

"हे काय करून राह्यली?"

"उतारावर सीट खाली लागते. अन् तिच्यावर बसाचं नाही. पायडलवर उभं राहाचं, बूड मागं."

किसनराव दुखावले. त्यांच्या लहानपणी घरात एकच मोठी सायकल. पाय पुरत नाहीत म्हणून पोरं दांडीखालून पाय घालून कैची चालवत, मग दांडीवर येत, आणि मिसरूड फुटताना कुठं सीटवर टेकत. सीट ही बढती होती.

"कैचीतून सीटवर याले मले तीन उन्हाळे लागले, पोरी. आता उतरू कायले?"

"मंग पायी उतरा. बंटी दहा वर्षांचा हाये, त्याले मी इथून पायीच उतरवतो."

धाकट्या नातवाशी बरोबरी झाल्यावर बोलणंच संपलं. सीट पुन्हा वर, आबाजी सीटवर. हेल्मेटशिवाय सायकलवर बसायचं नाही हा सुरभीचा नेम होताच, म्हणून ते त्यांच्याच डोक्यावर राहिलं. ती मागून पायी निघाली.

निम्म्या उतारावर पुढचं चाक ओघळीत गेलं. बसल्या माणसाला वजन मागं नेता आलं नाही, म्हणून त्यांनी पुढचा ब्रेक करकचून दाबला. सायकल थांबली. किसनराव थांबले नाहीत. दगडावर हेल्मेट वाजलं.

घरी वच्छलाबाईंनी हेल्मेटची चीर पाहिली.

"हातातून पडलं," किसनराव म्हणाले.

"कोनाच्या?"

त्यांनी सुरभीकडं पाहिलं. सुरभी पंख्याकडं पाहत होती.

"पडलं तवा आत डोकं होतं का?"

किसनराव बाही खाली ओढत होते, पण कोपराचं रक्त कापडातून आलंच होतं.

"होतं," ते म्हणाले. "माहंच."

वच्छलाबाईंनी पान्हा मागवला. नवऱ्याच्या सायकलची सीट त्याचे दोन्ही पाय भुईला टेकतील इतकी खाली करून घेतली, नट स्वतः हलवून पाहिला आणि मग पदराची गाठ सोडली. टेकडी बंद, सडक चालू.

म्हणजे किल्ली मिळाली. किसनरावांचं कोपराचं कातडं गेलं, आणि तीन उन्हाळे घालून कमावलेली उंचीही. सीट कुणाला दिसू नये म्हणून ते आता पारावरच्या मंडळींसमोरून जरा जोरातच जातात. वच्छलाबाईंचं काहीच गेलं नाही. चीर गेलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नसतं, म्हणून नवं येईपर्यंत सुरभी शाळेत पायी जाते.