एनिल्दाचं घाणेरडं कुरण

कोयते घेऊन नऊजण सकाळी सहालाच एनिल्दाच्या फाटकाशी उभे राहिले. पुढे तिचा दीर तोरिबियो, नवी टोपी घालून. सेसार नदीच्या या काठावर रीतच आहे: विधवेच्या कुरणात रान माजलं की शेजारी मिळून ते एका दिवसात साफ करतात आणि तिनं सगळ्यांना जेवू घालायचं. रीत चांगलीच. पण एनिल्दानं कुणाला बोलावलंच नव्हतं!

"वहिनी, चूल पेटवा," तोरिबियो म्हणाला. "दुपारपर्यंत कुरण तुळतुळीत करून देतो. लोक हसायला लागलेत हो."

"हसू देत. दात त्यांचेच दिसतील."

तीन वर्षांपूर्वी, नवरा एलादियो गेला त्याच उन्हाळ्यात, त्या तुळतुळीत कुरणात पाच गाई तडफडून मेल्या. सावलीला काडीसुद्धा नव्हती. एनिल्दानं त्या पुरल्या आणि पाऊस लागताच गवतात गिरिपुष्पाच्या, खोचली की रुजणाऱ्या, फांद्या लावत सुटली. आता चारशे झाडं डोक्यावर गेली होती. गाई त्यांचा पाला खायच्या आणि त्यांच्याखाली रवंथ करत बसायच्या. पण इथल्या गुरंवाल्यांना कुरण हवं दाढी केलेल्या हनुवटीसारखं. त्यात झाड दिसलं की समजायचं, मालक आळशी आहे, नाहीतर मेला आहे.

"ते झाडं लावा सांगणारे जीपवाले आले, शाश्वत शेती शाश्वत शेती करून गेले आणि तुम्ही भुललात," तोरिबियो म्हणाला. "गाईला शेपूट कुठल्या बाजूला असतं, ते तरी ठाऊक आहे का त्यांना?"

सगळे खो खो हसले.

"जीपवाले गेल्या वर्षी आले, भावजी. माझ्या गाई त्याच्या आधी मेल्या. त्यांनाही मी सुनावलं, कागद भरायला मला वेळ नाही, बसायचं तर सावलीत बसा."

"पाल्यानं दूध कडू होतं म्हणतात, बाई," म्हातारा विर्हिलियो मागून बोलला.

"परवा माझ्याकडचं चीज चापलंत, तेव्हा नाही कडू लागलं?"

विर्हिलियो गुपचूप कान खाजवायला लागला.

"एलादियोनं हे कुरण तीस वर्षं आरशासारखं ठेवलं," तोरिबियो म्हणाला. "माझ्या भावाचं नाव मातीत जाऊ देणार नाही मी." तो मनापासून बोलत होता, त्याचे डोळे भरले होते, आणि तेच एनिल्दाला जास्त लागलं. ती काही बोलायच्या आत तो फाटक ढकलून आत शिरला आणि त्यानं समोरचं झाड आडवं केलं.

 हे झाड एनिल्दानं पहिल्या मेलेल्या गाईच्या खड्ड्याशी लावलेलं. रडावं, शिव्या घालाव्यात, काय करावं? तिनं विर्हिलियोच्या हातातला कोयता हिसकावला. म्हातारा दोन पावलं मागेच सरला. पण ती खाली बसली, पडलेल्या खोडाचे तीन तुकडे केले, टोकं तासली, मातीत खोचली आणि टाचेनं माती घट्ट दाबली.

"एकाची तीन झाली, भावजी. पाऊस दारात आलाय, पंधरा दिवसांत फुटतील. तोडा आता! पुढं तुम्ही तोडत चला, मागून मी खोचत येते. बघू आधी कोण दमतं ते."

तोरिबियोचा कोयता वर उचललेला होता, तो तसाच राहिला. विर्हिलियो फिसकन हसला, मग बाकीचेही. घरी बायकोला काय तोंड दाखवायचं म्हणून त्यांनी पडकं कुंपण तरी बांधून दिलं. रीत ती रीत, म्हणून एनिल्दानं कोंबडी आणि युकाचे कंद घालून हंडाभर सांकोचोचा रस्सा शिजवला.

दुपारी आठजण ताटल्या घेऊन झाडांखाली, गाईंच्या शेजारी बसले. तोरिबियो मात्र फाटकाशी, रणरणत्या उन्हात उभ्यानं जेवत होता. घाम ताटलीत टपकत होता. त्यानं रिकामी ताटली पुढे केली. एनिल्दा पळी घेऊन उठली, पण सावलीच्या कडेपर्यंतच गेली.

"अजून हवं असेल तर इकडं येऊन घ्या, भावजी."