समितीपुढे जेनिव्हाल्दो

फेइरा द सांताना शहराच्या बाजारात जेनिव्हाल्दोचं केस कापायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड अडकलं की त्याची टकळी सुरू व्हायची. "आमचे पणजोबा पोर्तुगालचे बरं का! आम्ही काळे नाही, गव्हाळ." स्वतः गडी कडक कॉफीच्या रंगाचा; पण वस्तरा त्याच्या हातात, मग वाद कोण घालणार?

त्याची मुलगी जोझियानी हिने सरकारी विद्यापीठात गुरांच्या डॉक्टरकीसाठी कृष्णवर्णीयांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. बाप आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. पण अर्जासोबत चेहऱ्याचा व्हिडिओ लागत होता, तो त्यानेच काढला. दुकानातले सगळे दिवे लावून! पोरगी पिठात लोळल्यासारखी दिसली आणि उमेदवार खरंच काळा आहे का हे तपासणाऱ्या समितीने अर्ज फेटाळला.

"तुझ्या दिव्यांनी घात केला," बायको मारिनाल्व्हा कडाडली. "आता तूच घेऊन जा तिला फेरतपासणीला."

मंगळवारी जोझियानी समितीपुढे बसली. बाप बाहेरच्या बाकावर. दार नीट लागत नव्हतं.

"तू स्वतःला कोणत्या वर्णाची समजतेस?" आतून प्रश्न आला.

जोझियानी अडखळली. "मी... म्हणजे... घरी आम्हाला गव्हाळ म्हणतात."

जेनिव्हाल्दो बाकावरून ताडकन उठला. शिपाई "अहो, अहो" करेपर्यंत तो आत घुसलासुद्धा.

"काळी आहे ती! लिहून घ्या! मी काळा, माझी आई काळी, माझी आजी तर..."

"आणि पोर्तुगीज पणजोबा?" जोझियानीने हळूच विचारलं.

"मरू दे त्याला! कुणी पाहिलाय तो?"

समितीचे पाचही जण त्याच्याकडे वळले. मधल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "काका, आम्ही उमेदवाराचा चेहरा बघतो. नातेवाइकांचा धरत नाही. बाहेर बसा बघू."

"पण बाई..."

"तिचा चेहरा दिसतोय आम्हाला. आज दिवे बरे आहेत."

येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"तिला लावलेला फोन चालूच होता, बाबा. तिनं सगळं ऐकलंय."

शुक्रवारी यादीत जोझियानीचं नाव आलं. मारिनाल्व्हाने आकाराजे, म्हणजे चवळीचे वडे, तळले आणि खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगितलं, "तीस वर्षं मी सांगून थकले गं! शेवटी विद्यापीठात नेऊन कबूल करवून घ्यावं लागलं!"

जेनिव्हाल्दोने मान वर केली नाही. एक गरम वडा तोंडात कोंबून तो डोळे पुसत म्हणाला, "मिरची जास्त झालीय."

मिरचीची चटणी तर तिने अजून वाढलीच नव्हती.