चौसष्टची मेमरी

“ह्याच्यात मेमरी हाय ना रे भाऊ? चौसष्टची?”

चंद्रभागाबाईंनी पिशवीतून कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड काढून माझ्या काउंटरवर ठेवलं. मी बघताक्षणीच ओळखलं. दोन वर्षांपूर्वी मीच ते त्यांच्या मुलाला, मंगेशला विकलं होतं. महाडच्या एमआयडीसीत हेल्पर होता. पाळी सुटली की यायचा आणि डोकं खायचा. जलीलभाई, बत्तीस एमबी घेऊ की चौसष्ट? पंखा हवाच का? माझ्या मशीनच्या एजीपी खाचेत बसेल ना? शेवटी मी वैतागून म्हटलं होतं, घे बाबा एकदाचं आणि सोड मला.

गेल्या महिन्यात काविळीनं गेला. मी मातीला गेलो नाही. दुकान उघडं होतं.

“कंप्युटर दिरानं नेला ठाण्याला. सगळं पुसून नवीन भरलं त्यानं. ह्ये नको म्हणून परत दिलं,” बाई सांगत होत्या. “माझा पोर म्हनायचा, आये, चौसष्ट मेमरी हाय, लय मावतं. त्याचं फोटू आसतील बघ. येक तरी काढून दे. घरात धाव्वीचा हाय, पन त्यात मिशी नाय रे त्याला.”

मी त्यांना परतीची पोलादपूरची एसटी किती वाजताची आहे ते विचारलं. मग सांगून टाकलं.

“मावशी, फोटो यात नसतात. पडद्यावर जे दिसत असतं तेवढंच यात राहतं. लाइट गेली की तेही जातं.”

“कायच नाय ऱ्हात?”

“काहीच नाही.”

त्या रडल्या नाहीत. “लावून तर बघ,” म्हणाल्या.

वाईट वाटायला हवं होतं. मला काहीच वाटत नव्हतं, हात तेवढे चालत होते. माझ्या मशीनचं झाकण काढलं, कार्ड बसवलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर कार्डाचं नाव आलं, खाली चौसष्ट एमबी. मग गेलं.

“आता काय आलं व्हतं?”

“कार्डाचं नाव. मशीन चालू केलं की पहिलं हेच येतं.”

“म्हंजे मंग्याबी रोज पयलं ह्येच बघायचा?”

“हो.”

“परत लाव.”

मी रिसेट दाबलं. नाव आलं, गेलं. बाईंनी स्टूल पुढे ओढलं.

“थांबव ना रे तिथंच.”

“तिथं थांबत नाही ते, मावशी. दोनच सेकंद असतं.”

“बरं. परत लाव.”

दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. त्याला उद्या ये म्हटलं आणि रिसेट दाबलं.