अर्ध्या इंचाचा नट

धक्क्यावरच्या आमच्या बोटदुरुस्तीच्या शेडच्या भिंतीवर पान्यांच्या दोन रांगा आहेत, एक इंची आणि एक मिलिमीटरची. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिराला, एकच रांग हवी होती. मागच्या महिन्यात त्यांनी मिलिमीटरचा नवा चकचकीत संच आणला आणि सगळे इंची पाने काढून गोणीत भरले. जग पुढे गेलं म्हणे. आणि वहिनींनीही आता इंजिनात हात घालण्यापेक्षा काउंटरवर बसून ऑइल नि फिल्टर विकावेत. गोणीला आणि मला त्यांनी एकाच दमात निकालात काढलं.

मी गोणी ओढत आणली आणि एकेक पाना परत खिळ्यावर टांगला. त्यांनी पुन्हा काढले, मी पुन्हा टांगले. मला हे काम शिकवलं मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी. त्यांची दृष्टी आता गेली आहे. ते खुर्चीत बसून आमची ही खणखण ऐकत आणि गालातल्या गालात हसत. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षाचे आठ महिने बाहेर. तेव्हा ही लढाई माझी मलाच लढायची होती.

मिलिमीटरशी माझं काही वैर नाही. धक्क्यावरच्या बहुतेक बोटींना तेच पाने लागतात. पण समुद्रात अडकलेल्यांना आणणाऱ्या बचाव बोटीचं इंजिन जुनं आहे, इंची आहे. तिथल्या अर्ध्या इंचाच्या नटावर तेरा मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो. फरक केसभराचा. हलक्या हाताने खपूनही जातं. घट्ट नटाला मात्र जोर लावला की पाना सरकतो आणि नटाचे कोपरे खातो. चार वेळा सरकला की नट गोल होतो, आणि मग त्याला कुठलाच पाना धरत नाही.

एका सकाळी मी त्या बोटीवर पोहोचले तेव्हा भाऊजी घामाघूम होऊन बसले होते आणि बचाव बोटीचे कप्तान कमरेवर हात ठेवून उभे होते. मामंजींनाही सल्ल्यासाठी धरून आणून खुर्चीवर बसवलं होतं. पाण्याचा पंप गळत होता. तो चार नटांवर बसलेला. तीन निघाले होते, चौथा निघत नव्हता. कप्तानांनी मला सांगितलं, की पंप दुपारपर्यंत सुटला नाही तर हे इंजिन भंगारात जाईल आणि नव्या इंजिनाची देखभाल ते विकणारी कंपनीच करील.

भाऊजी म्हणाले, इंजिन म्हातारं झालंय, नट गंजून झिजलाय.

मी वाकून पाहिलं. नटाचे कोपरे लख्ख चमकत होते. गंजलेलं लोखंड असं चमकत नाही. मी भाऊजींकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे. घरातलं घरात राहू द्या, असं ती नजर सांगत होती.

अशा नजरा मी आठ वर्षं पाळल्या होत्या. त्यांनी उलटी बसवलेली गॅस्केट मी गुपचूप सुलटी करायची आणि शाबासकी त्यांनी घ्यायची, असा आमचा शिरस्ता. आज मूग गिळून बसले असते तर इंजिन भंगारात आणि मी काउंटरवर. बोलले असते तर परक्या माणसासमोर दिराचा पाणउतारा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगायचं तर राग माझा मलाच जास्त आला.

"नट गंजलेला नाही," मी म्हणाले. "भाऊजींनी तेराचा पाना लावून तो गोल केलाय. इंजिनाचा काही दोष नाही."

"वहिनी, लोकांसमोर असं..."

"इंजिनावर आळ घेतलात तोही लोकांसमोरच."

कप्तानांनी विचारलं, निघेल का? मी अर्धा तास मागितला. आता तुमचा इंची पाना तरी कुठे धरणार, असं भाऊजी कुत्सितपणे म्हणाले. ते बरोबरच होतं. म्हणून मी पाना न उचलता कानस उचलली आणि नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासायला लागले. अर्धा इंच हा तेराहून थोडा कमी आणि बाराहून थोडा जास्त. जास्तीचा तेवढा भाग काढायचा, की नट बाराचा झाला. बोटांची सालं निघाली, पण दोन्ही बाजू सपाट झाल्या. मग मी भाऊजींकडे त्यांच्या नव्या संचातला बाराचा पाना मागितला. ते नुसते बघतच राहिले. शेवटी तो मीच घेतला आणि नटावर ठोकून बसवला.

"अजून ठोक, सूनबाई," मामंजी म्हणाले. "पोकळ वाजतोय."

आणखी दोन टोले घातले आणि सगळं वजन टाकलं. नट करकरला आणि सुटला.

मी पंपाचं सील बदललं. पंप परत बसवताना भाऊजींनी चौथ्या जागी मिलिमीटरचा नट लावायला घेतला. तो एक आटा जाऊन अडकला. मी तो काढून इंची नट लावला. इंजिन सुरू झालं. पंपाखाली कागद धरला, तो कोरडाच राहिला.

कप्तानांनी देखभालीची वही उघडली आणि नेहमीच्या सवयीने भाऊजींचं नाव लिहायला घेतलं.

"माझं नाव लिहा," मी म्हणाले.

त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी हात पुसत राहिले. कप्तानांनी माझं नाव लिहिलं आणि सहीसाठी वही माझ्यासमोर धरली. सही केली, पण वही काही मी सोडली नाही. मागे उलटत गेले. गॅस्केट, इंजेक्टर, दोनदा पंप, सगळी कामं माझी आणि प्रत्येक कामापुढे भाऊजींचं नाव.

कप्तान म्हणाले, जुन्या नोंदी बदलता येत नाहीत.

"बदलत नाही. त्यांच्या नावाखाली जागा आहे."

मी तिथे माझं नाव लिहायला सुरुवात केली, तारखेसकट. कप्तानांनी अडवलं नाही. पेनाची खरखर ऐकून मामंजींनी विचारलं, किती नोंदी झाल्या.

"अजून लिहितेय," मी म्हणाले.